अर्ध्या मिनिटाचें बळ

'दम' हा आपल्या भाषेंतील मोठा सोयीचा शब्द आहे. जिना चढून आलेल्या वृद्धास दम लागतो, कबड्डीचा गडी दम धरून चढाई करतो, आणि दिवसभर चालूनहि न थकणाऱ्या वारकऱ्याच्या अंगांत दम आहे असें आपण म्हणतों. शब्द एकच, परंतु त्याच्या पोटांत दोन निराळ्या शक्ति दडलेल्या आहेत. आणि त्या निराळ्या आहेत हें न ओळखल्यामुळें पुष्कळ तरुणांची मेहनत भलत्याच वाटेनें खर्ची पडते. या दोहोंतील कमी परिचयाची जी शक्ति, ती घरच्या घरीं, एका जागीं बसविलेल्या सायकलीवर कशी मोजावी, एवढाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषय सुचला तो एका घरगुती प्रसंगानें. परभणीस पहांटे एखाद्या मोठ्या मैदानावर गेलें तर पोलीस भरतीची तयारी करणारीं मुलेंमुली फेऱ्या मारतांना दिसतात. कोणी जिंतूरकडचीं, कोणी पाथरीचीं, कोणी गंगाखेडचीं. चौघांत एक खोली भाड्यानें घेऊन राहणारीं, बहुतेक शेतकऱ्यांच्या घरचीं. नोकरी लागली तर घरावरचें ओझें उतरणार, नाहीं लागली तर आणखी एक वर्ष गेलें. भरतीच्या मैदानी परीक्षेंत मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धांवावें लागतें. त्याशिवाय दोघांनाहि १०० मीटरची धांव आणि गोळाफेंक असते. माझा भाचा या उमेदवारांपैकींच एक. दिवाळी झाल्यावर एके दिवशीं तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मामा, रोज दहा किलोमीटर पळतों. सोळाशेचा वेळ उतरला, पण शंभरचा कांहीं केल्या हलत नाहीं. दम वाढला, मग वेग कां वाढत नाहीं?"

मीं विचारलें, "शंभर मीटरला तुला दम लागतो कुठें?"

तो जरा थांबून म्हणाला, "दम लागायच्या आधींच संपतं ते."

मीं शारीरिक शिक्षणाच्या वर्गांत तीस वर्षें जें सांगत आलों, तें त्यानें एका वाक्यांत सांगितलें होतें.

शास्त्र म्हणतें तें थोडक्यांत असें. स्नायूचें आकुंचन ज्या द्रव्याच्या बळावर होतें त्याचें नांव ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेट. तें स्नायूंत इतकें थोडें असतें कीं पूर्ण जोरानें काम केल्यास दोनतीन सेकंदांतच त्याची चणचण भासावी. म्हणून तें सारखें नवें करावें लागतें, आणि नवें करण्याच्या वाटा तीन आहेत. संसारांतील उपमा द्यावयाची तर कनवटीस खोंचलेले पैसे, घरांतील डब्यांतले पैसे, आणि बँकेंतील ठेव. कनवटीचे पैसे हात घालतांच निघतात, पण ते थोडे. ते म्हणजे स्नायूंतील क्रिएटिन फॉस्फेट, जें जोराच्या कामांत दहा सेकंदांच्या आसपास पुरतें. डब्यांतले पैसे म्हणजे स्नायूंतील साखर प्राणवायूवांचून फोडून मिळणारी शक्ति. अर्ध्या-एक मिनिटाच्या कामाचा मुख्य आधार ती, आणि तिच्यापासून दुग्धाम्ल उत्पन्न होतें. बँकेंतील ठेव मोठी खरी, पण ती काढावयास रांगेंत उभें राहावें लागतें. प्राणवायूच्या साह्यानें चालणारी ती मंद व दीर्घ वाट. पहिल्या दोन वाटांस मिळून आपण प्राणवायुनिरपेक्ष शक्ति असें म्हणूं.

दुग्धाम्लाचें नांव निघालेंच आहे तर एक गैरसमज दूर करतों. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशीं मांड्या दुखतात त्यास दुग्धाम्ल कारण, असें व्यायामशाळांतून अजूनहि सांगतात. तें खरें नव्हे. तें तासा-दीड तासांत रक्तांतून निघून जातें, आणि हृदय व इतर स्नायू त्याचा जळण म्हणून चांगला उपयोगहि करतात. बिचाऱ्याची बदनामी फार झाली.

कनवटीच्या पैशांचा, म्हणजे क्रिएटिन फॉस्फेटचा, शोध १९२७ सालीं अमेरिकेंत हार्वर्ड येथें सायरस फिस्के आणि येल्लाप्रगडा सुब्बाराव या दोघांनीं लावला. सुब्बाराव १८९५ सालीं भीमावरम येथें, म्हणजे आजच्या आंध्र प्रदेशांत, जन्मले आणि मद्रासेस वैद्यक शिकले. परभणी ज्या काळीं निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होती, त्या काळची ही गोष्ट. शंभर मीटर धांवणाऱ्या पोराच्या मांडींत काय घडतें हें जगास सांगणाऱ्यांत दक्षिणेंतला एक माणूस होता, हें भाच्याच्या कोणत्याहि पुस्तकांत नव्हतें. त्याला तें ऐकून फार बरें वाटलें.

आतां दोन उदाहरणें घ्या. २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्यें भारतीय स्त्रियांत पहिल्या आलेल्या ज्योती गवते या आमच्या परभणीच्याच. बेचाळीस किलोमीटरांवरची ती धांव जवळजवळ सगळी बँकेच्या ठेवीवर चालते. उलट कबड्डीची चढाई पाहा. नियमानें तिला ३० सेकंद मिळतात. तेवढ्यांत गडी निदान रेषा ओलांडतो, झुकांडी देतो, पाय टाकतो, आणि पकड झालीच तर तिघांचौघांच्या मिठींतून स्वतःचें अंग मध्यरेषेपर्यंत ओढून आणतो. या दोघांचा दम एकाच मापानें मोजूं गेल्यास दोघांवरहि अन्याय होईल. माझ्या भाच्यानें नेमकें तेंच केलें होतें. १६०० मीटरची धांव बहुतांशीं ठेवीवर चालते, म्हणून ती सुधारली. १०० मीटरची धांव कनवटीवर चालते, आणि तिकडे त्यानें कधीं पाहिलेंच नव्हतें.

मोजण्याची संवय आम्हांस नाहीं असें नव्हे. तालमींत जोर आणि बैठका शेंकड्यांनीं मोजतात. परंतु ती मोजणी संख्येची, वेळेची नव्हे. अमक्यानें पांचशें बैठका मारल्या हें सारा गांव सांगतो. त्या किती मिनिटांत मारल्या हें कोणी विचारीत नाहीं. पदार्थविज्ञानांत बळ म्हणजे केलेलें काम भागिलें लागलेला वेळ. वेळ सोडून दिला कीं सहनशक्ति कळते, बळ कळत नाहीं.

मग घड्याळ घेऊन मैदानावरच कां उभें राहूं नये? राहावें, पण धांवण्याच्या वेळेंत फार भेसळ असते. सुरुवातीची चपळाई, बूट, वारा, आणि घड्याळ धरणाराचा अंगठा हीं सगळीं त्या आंकड्यांत शिरतात. पावसाळ्यांत आमची काळी माती बुटास चिकटूं लागली म्हणजे तर प्रत्येक पायाला पावशेर वजन बांधल्यासारखें होतें. खोलींत एका जागीं खिळलेल्या सायकलीस यांतलें कांहीं लागत नाहीं. मुरूम असो, चिखल असो, चाकावरचा रोध तोच राहतो.

सायकल जागीं बसवून माणसाचें काम मोजण्याची कल्पना जुनी आहे. डेन्मार्कचे ऑगस्ट क्रोग यांनीं विजेच्या चुंबकानें चाक रोधणारी सायकल १९१३ सालीं वर्णन केली. पुढें १९५४ सालीं स्वीडनमध्यें फॉन डोबेलन यांनीं पट्ट्याच्या घर्षणानें चाक रोधणारी साधी सायकल पुढें आणली. परंतु या सायकलींवर बहुधा लांबचा दमच मोजीत. अर्ध्या मिनिटाच्या बळाची जी कसोटी आज जगभर चालते, ती इस्राएलमधील विंगेट संस्थेंत तयार झाली आणि १९७४ सालीं प्रसिद्ध झाली. तिला विंगेट कसोटी असेंच म्हणतात. नियम सोपा आहे. माणसाच्या वजनाच्या दर किलोमागें ७५ ग्रॅम एवढा रोध चाकावर ठेवावयाचा, आणि ३० सेकंद, जीव तोडून, पहिल्या क्षणापासून कांहींहि न राखतां पायडल मारावयाचें. तीसच सेकंद कां, असें कोणी विचारील. मिनिटभर मारावयास सांगितलें तर शहाणा माणूस सुरुवातीपासूनच हात राखून चालवितो; अर्ध्या मिनिटासाठीं तो उधळपट्टीस तयार होतो. तीस सेकंदांतहि सुमारें एक पंचमांश काम प्राणवायूच्या वाटेनें होतेंच, पण तेवढें चालावयाचें.

त्या कसोटीच्या मूळच्या स्वीडिश सायकलींत पायडलाच्या एका फेरीस चाकाची कड बरोबर ६ मीटर सरकते. अशी सायकल मोठ्या क्रीडासंस्थांतून असते. आपल्या घरीं नसते. आपल्या घरीं असते ती व्यायामाची सायकल, जी पहिल्या महिन्यानंतर टॉवेल वाळत घालण्याच्या कामीं येते. आमच्याकडेहि तशी एक होती. जड लोखंडी चाक, त्यावर दाबणारा नमद्याचा ठोकळा, आणि आवळावयाची एक फिरकी. फिरकी किती फिरविली म्हणजे किती किलोचा रोध, याची खूण कोठेंहि नाहीं. समोरच्या पडद्यावर कॅलरीचे आंकडे उमटतात. ते मनोरंजनासाठीं आहेत असें समजावें.

आम्ही त्या सायकलीचा नमदा काढून टाकला. खाटेची जुनी नवार घेऊन ती चाकावरून टाकली. चाक ज्या बाजूनें वर जातें त्या बाजूच्या टोंकाला पिशवींत वजनें टांगलीं, आणि दुसरें टोंक एका टांगत्या काट्याला अडकवून तो काटा खालीं सायकलीच्या पायाशीं बांधला. कापूस वेंचणीच्या दिवसांत शेतांत वजन करावयास वापरतात तो हा काटा. आमच्या भागांत प्रत्येक दुसऱ्या घरीं सांपडतो. चाक फिरूं लागलें म्हणजे टांगलेल्या वजनांतून काट्याचा आंकडा वजा करावयाचा. उरेल तो चाकावरचा रोध. सहा किलो टांगले आणि काटा एक किलो दाखवूं लागला, तर रोध पांच किलो. पिशवीला एक सैल दोरी वरून बांधून ठेवावी, म्हणजे नवार तुटली तरी वजन पायावर येणार नाहीं. लहान मुलांस त्या चाकापासून दूर ठेवावें; नवार तापते आणि बोटें सांपडावयास क्षण लागत नाहीं.

यानंतर दोन मापें घेतलीं. चाकाभोवतीं दोरा गुंडाळून मोजला तो १ मीटर ३५ सेंटिमीटर भरला. चाकावर खडूची खूण करून पायडल हातानें एक वेळ सावकाश फिरविलें, तेव्हां चाक चार वेळां फिरलें. म्हणजे पायडलाच्या एका फेरीस चाकाची कड ५ मीटर ४० सेंटिमीटर सरकते. मूळच्या सायकलीचे सहा मीटर आणि आमचे पांच मीटर चाळीस, यांचा मेळ घालावयास एक लहानसें गणित पुरतें. माणसाच्या वजनास ०.४५ नें गुणावें आणि आपल्या सायकलीच्या मीटरांनीं भागावें. भाच्याचें वजन ६० किलो. साठ गुणिलें ०.४५ म्हणजे २७, त्यास ५.४ नें भागिलें म्हणजे ५. त्याच्यासाठीं रोध पांच किलो.

पांच मिनिटें बिनरोधाचें हलकें पायडल, त्यांत मधून मधून तीनचार सेकंदांचे दोन झपाटे, मग दोन मिनिटें विसांवा, एवढी पूर्वतयारी झाली. बैठक अशी ठेवली कीं पायडल अगदीं खालीं असतां गुडघा किंचित वांकलेला राहील. ती उंची वहींत टिपून ठेवली. मीं पिशवी हातांत उचलून धरली होती. भाच्यानें रिकामें चाक जोरांत फिरविलें आणि मीं "सोड!" म्हणून वजन सोडलें. एका पायडलाला लाल फीत बांधलेली होती. भाची समोर मोबाइल धरून चित्रण करीत होती, कारण एवढ्या वेगाच्या फेऱ्या डोळ्यांनीं मोजूं म्हटलें तर चूक होतेच. चित्रण मागाहून संथ करून पाहिलें म्हणजे अर्धी फेरीदेखील मोजतां येते.

पांच-पांच सेकंदांचे आंकडे निघाले ते असे: ७, ८, ७, ७, ७, ८. एकूण ४४. मीं भाच्याकडे पाहिलें. कोणत्याहि माणसाचें तीस सेकंदांचें खरें बळ असें सपाट नसतें, आणि शेवटच्या पांच सेकंदांत वाढत तर नाहींच.

"राखलंस ना रे?"

"शेवटीं मरायला नको म्हणून जरासं राखलं, मामा."

सोळाशे मीटरची संवय ती! चार फेऱ्यांचा हिशेब करून धांवणाऱ्या मुलास उधळणें जमत नाहीं; तें त्याला शिकवावें लागतें. म्हणून या कसोटींत पहिल्या दिवसाचा आंकडा कधींहि धरूं नये. तीन दिवसांनीं आम्ही पुन्हां बसलों, आणि या वेळीं त्यानें कसोटीचें ऐकलें. आंकडे आले १०, ९, ८, ७, ६, ५. एकूण ४५. बेरजेंत फरक एकाच फेरीचा, परंतु दोन्ही दिवसांचे आंकडे शेजारीं ठेवले म्हणजे दोन निराळीं माणसें सायकलीवर बसलीं होतीं असें वाटावें.

त्या दिवशीं चूक झाली ती माझी. घड्याळ संपतांच मीं त्याला खालीं उतरूं दिलें. तो दोन पावलें चालला, चेहरा पांढरा पडला, आणि भिंतीला टेंकून बसला. मग मोरीकडे धांवला. जोराच्या कामानंतर पाय एकदम थांबले म्हणजे पायांत उतरलेलें रक्त लवकर वर चढत नाहीं आणि घेरी येते. वजन उचलून घ्यावें आणि निदान चारपांच मिनिटें हलकें पायडल मारीत राहावें, हें मी वर्गांत शेंकडों वेळां सांगितलें होतें. स्वतःच्या घरीं विसरलों. माझी बहीण स्वयंपाकघरांतून बाहेर आली आणि मला जें बोलली तें येथें सांगण्यासारखें नाहीं.

म्हणूनच हें निक्षून सांगतों. ही कसोटी तरुण, निरोगी आणि व्यायामाची संवय असलेल्या माणसासाठीं आहे. हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह असलेल्यांनीं किंवा चाळिशी उलटलेल्यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून तिच्या वाटेस जाऊं नये. मी स्वतः बसत नाहीं. जेवणानंतर निदान दोनतीन तास जाऊं द्यावे. आणि चैत्र-वैशाखांत, आमच्याकडे पारा चाळिशीपलीकडे जातो तेव्हां, पहांटेखेरीज हा विचारहि करूं नये.

आतां आंकडे वाचावयाचे कसे? रोध वजनाच्या प्रमाणांत ठेवला असल्यामुळें एक सुंदर सोय होते. एकूण फेऱ्यांस पावणेसातानें भागिलें म्हणजे वजनाच्या दर किलोमागें किती वॉट बळ सरासरीनें लागलें तें जवळजवळ बरोबर निघतें. ४५ भागिलें पावणेसात म्हणजे साडेसहाहून थोडें जास्त. ज्यांना मूळ हिशेब हवा त्यांच्यासाठीं: भाच्याच्या एका फेरीस २७ किलोग्रॅम-मीटर काम, त्यास ९.८१ नें गुणिलें म्हणजे सुमारें २६५ ज्यूल. ४५ फेऱ्यांचे सुमारें ११,९२०. त्यास ३० सेकंदांनीं भागिलें म्हणजे ३९७ वॉट. अमेरिकेंतील व्यायामी तरुणांची एक गणती १९८९ सालीं प्रसिद्ध झाली, तींत पुरुषांची सरासरी किलोमागें सव्वासात वॉटच्या आसपास आहे. परंतु तिच्याशीं आपली तुलना करण्याचा मोह आवरावा. आपली नवार, आपला काटा आणि आपली साखळी यांच्यांत किती शक्ति गळते हें आपणांस ठाऊक नसतें. गळती रोज सारखी राहिली तर आपली तुलना आपल्याशीं मात्र चोख होते, आणि भाच्याला तेवढीच हवी होती.

दुसरें असें कीं, पांच सेकंदांच्या आंकड्यावर फार भार टाकूं नये. दहा फेऱ्यांत एक फेरी चुकली तर दहा टक्के चुकलें. पंचेचाळिसांत एक चुकली तर दोन टक्के. म्हणून सुधारणा मोजण्यास मी एकूण फेऱ्यांचा आंकडा धरतों, आणि पहिल्या पांच सेकंदांचा उपयोग करणारानें राखलें कीं उधळलें हें पाहण्यापुरता करतों. शंभर मीटर धांवणारासाठीं पहिल्या दहा सेकंदांची बेरीजहि टिपावी; भाच्याची ती १९ होती. शेवटच्या पांच सेकंदांत बळ निम्म्यावर आलें होतें. पुष्कळ जण या घसरणीलाच भितात आणि ती कमी करूं पाहतात. पण जो मुळांतच उंचावर चढला नाहीं तो घसरणारहि नाहीं. भाच्याच्या पहिल्या दिवसाची घसरण शून्य होती, आणि तो दिवस फुकट गेला होता.

ज्यांना नवार आणि काट्याची यातायात नको, त्यांनीं फिरकीवर रंगाची खूण करून ती दर वेळीं तेथेंच आणावी आणि तीस सेकंदांच्या फेऱ्या मोजाव्या. वॉट कळणार नाहींत, आणि नमदा झिजेल तसा रोधहि हळूहळू बदलेल. तरी एकाच माणसाची दोनतीन महिन्यांतली चढउतार समजावयास तें पुरतें. व्यायामशाळांतून अलीकडे पंख्याची सायकल असते. तिच्यांत जितका वेग अधिक तितका हवेचा रोध फार झपाट्यानें वाढतो, म्हणून तिच्यावर दोन फेऱ्यांचा फरकहि बळाचा मोठा फरक असतो. तिच्या पडद्यावर वॉट दिसत असतील तर दहा सेकंदांत दिसलेला सर्वांत मोठा आंकडा टिपावा. मात्र एका सायकलीवरचा आंकडा दुसरीवर नेऊं नये.

आणखी दोन दिवस घेऊन आम्ही भाच्याची ४६ आणि ४५ अशी मोजणी केली. तीन दिवसांत फरक एकाच फेरीचा. म्हणजे यापुढें दोनतीन फेऱ्या वाढल्या तरच त्याला सुधारणा म्हणावयाचें, हें आमचें आम्हांस ठरवितां आलें. त्यानें रोजचे दहा किलोमीटर आठवड्यांत तीन दिवसांवर आणले. उरलेल्यांपैकीं दोन दिवस तो जायकवाडीच्या कालव्याच्या भरावावर, चढाच्या बाजूनें, दहा-दहा सेकंदांचे सहा झपाटे मारूं लागला. दोन झपाट्यांमध्यें पुरीं चार मिनिटें विसांवा. त्याच्या सोबत्यांस हें आळसाचें लक्षण वाटलें. पण कनवट रिकामी झाली कीं ती पुन्हां भरावयास तीनचार मिनिटें लागतात. त्याआधीं धांवलें तर मनुष्य डब्यांतले पैसे खर्चूं लागतो आणि शिकतो निराळेंच.

सहा आठवड्यांनीं, त्याच बैठकीवर, त्याच रोधावर, सकाळीं त्याच वेळीं, आंकडे आले ११, १०, ८, ८, ६, ५. एकूण ४८, पहिल्या दहा सेकंदांचे २१. वजन साठच राहिलें होतें. मैदानावर शंभर मीटरचा वेळहि उतरला असें तो म्हणतो, पण घड्याळ त्याच्या मित्रानें धरलें होतें आणि मित्राचा अंगठा मित्राचाच असतो, म्हणून मीं तो आंकडा वहींत लिहिलेला नाहीं. सोळाशेचा वेळ बिघडला नाहीं, हें मीं स्वतः पाहिलें.

या सगळ्या काळांत चित्रण करणारी माझी भाची मुकाट होती. तीहि भरतीच्या तयारीला लागलेली. तिला आठशे मीटर. एका रविवारीं ती म्हणाली, "मामा, माझं कधीं मोजणार?" तिचें वजन ४८ किलो, तेंच गणित करून रोध आला चार किलो. तिनें पहिल्याच दिवशीं कांहींहि न राखतां मारलें: ८, ८, ७, ५, ५, ४. एकूण ३७. उतरण्याआधीं पांच मिनिटें तिला हलकें पायडल मारावयास लावलें. आई दारांत उभी होती.

भावाच्या ४८ शेजारीं आपले ३७ पाहून तिनें प्रथम वही बंद केली, मग उघडली आणि विचारलें कीं रोध प्रत्येकाच्या वजनाप्रमाणें लावला तर आंकडे एकमेकांशेजारीं ठेवावयाला हरकत नाहीं ना. हरकत नाहीं, मीं म्हटलें. पण तूं आपल्याच आंकड्यांशेजारीं ठेव. तिचे अजून दोन दिवस मोजावयाचे आहेत. भरतीची तारीख लागलेली नाहीं. जुनी नवार जळाल्यासारखी काळी पडली होती, ती बदलली. काल भाचीनें पुन्हां वजन केलें तें ४९ भरलें, आणि चार किलोवर ८० ग्रॅम कोठून आणावयाचे म्हणून ती वाण्याकडे वजनें मागावयास गेली आहे.